विशेष उपस्थिती

आमच्या गल्लीत लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर माणसं तीन-तीन वर्षं तोंड फिरवून जातात. मनकर्णाआजींच्या पुतण्याच्या पत्रिकेत 'निमंत्रक'मध्ये त्यांचं नाव राहिलं होतं. त्या लग्नाला गेल्या, जेवल्या, आहेरही केला, आणि त्यानंतर त्या घराची पायरी चढल्या नाहीत. म्हणून आंदोलनाचं पत्रक लिहायला बसले तेव्हा मी आधी नावांची यादी केली. मजकूर मागून.

मजकुराची मला काळजी नव्हतीच. मी शिवानी औताडे, दहावी ब, वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी. नववीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते शेजारच्या मुलीलासुद्धा ऐकू जायचं नाही. मग मराठीच्या बाईंनी एक दिवस अक्षरशः ढकलून स्टेजवर उभं केलं. पहिली तीन वाक्यं कशीबशी गेली, चौथ्याला माझ्या लक्षात आलं की समोरची दोनशे पोरं गप्प बसलीत, आणि ती सरांच्या धाकानं नाही, माझ्यामुळं! त्या दिवसापासून मी थांबलेच नाही. मम्मी म्हणते, आधी बोल म्हणून नवस केला असता, आता गप बस म्हणून करावा लागंल.

आंदोलन होतं गतिरोधकासाठी. गारखेड्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि पाण्याचे टँकरवाले तिथून असे सुटायला लागले की एका दिवसात जास्तीत जास्त फेऱ्या मारायची जणू शर्यतच. ऑगस्टमध्ये वहिदाला एकानं उडवलं. वहिदा माझ्या बाकावरची. पाय दोन ठिकाणी मोडला, आत सळी घातली. तिची आई गुलशनचाची गल्लीत ब्लाउज शिवतात. त्यांनी चार अर्ज केले. चारही वेळा महापालिकेच्या ऑफिसातून एकच उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. पाचवा अर्ज मी लिहिणार होते, पण मनकर्णाआजी म्हणाल्या, "कागदानं काय व्हत नसतं. ड्रेनेजच्या टायमाला बसलो नव्हतो का रस्त्यावर? तसं बसू."

ड्रेनेजच्या वेळी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, गल्लीतल्या बाया तासभर रस्त्यावर बसल्या होत्या. पोलीस आले, त्यांनी गाड्या दुसरीकडून वळवल्या, साहेबांनी निवेदन घेतलं, आणि जाताना एका हवालदारानं सारजाबाईंच्या हातचं पाणी पिऊन वर "लई गार हाय हो" असंही म्हटलं. आंदोलन म्हणजे आमच्या डोक्यात हे एवढंच होतं.

मी घरोघर फिरले. "काकू, नाव टाकू?" "टाक की बाई, इचारती काय!" मनकर्णाआजींनी तर बजावलं, "माझं सगळ्याच्या वर. अन् ठळक." गुलशनचाची मशीनवर होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "मेरा नाम नीचे डाल बेटा. ऊपर नक्को."

"अहो चाची, भिता काय? पाय तर तुमच्याच पोरीचा मोडलाय!"

"भिती नहीं. नीचे डाल बोली ना."

मी नाव खाली टाकलं. पण संपर्कासाठी नंबर त्यांचाच दिला, कारण त्या दिवसभर घरी असतात आणि फोन पहिल्या रिंगला उचलतात. माझं डोकं किती चालतं, असंच मला तेव्हा वाटलं.

छापखानेवाले काका लग्नपत्रिकाच छापायचे. त्यांच्याकडं चौकट तयार होती, कडेनं फुलं, कोपऱ्यात कलश. "वर गणपती ठेवू का?" म्हणाले. मी म्हटलं, गणपती नको, गतिरोधकाचं चित्र आहे का? नव्हतं. मी लहान म्हणून पावती त्यांनी चाचींच्या नावानं फाडली. पत्रक मात्र असं झालं की बघत राहावं. वर 'आग्रहाचे निमंत्रण'. मग शुक्रवार, सकाळी साडेदहा, कॉलनीचं तोंड. मग माझा मजकूर. खाली निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, एकूण एकतीस नावं. त्याखाली 'किलबिल' म्हणून गल्लीतली बारकी पोरं: "आमच्या वहिदादीदीसाठी यायचं हं!" आणि अगदी मधोमध, दुहेरी चौकटीत:

विशेष उपस्थिती : कु. कोमल बद्रीनाथ औताडे (महाराष्ट्र पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन)

कोमलताई माझी मोठी बहीण. नाव कोमल आणि गोळा फेकते आठ मीटर. चार वर्षं ती भरतीची तयारी करत होती. पप्पा वाळूजच्या कंपनीची बस चालवतात, ते पहाटे उठायच्या आधी ही ग्राउंडवर. दोनदा थोडक्यात हुकली. या वेळी यादीत नाव लागलं, मेडिकल झालं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. त्याच्याच एका दाखल्यासाठी ती त्या आठवड्यात वैजापूरला मामांकडं जाऊन बसली होती. तिथं तीन दिवस सर्व्हर बंद होता.

तिला विचारलं का? नाही विचारलं. खोटं कशाला बोलू, विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. घरातल्या माणसाला कोण विचारतं? पत्रिकेत आत्याचं नाव टाकताना आत्याला कुणी फोन करत नाही. मम्मीनं तर पत्रक बघून डोळे पुसले, आणि पप्पांनी एक घडी करून खिशात घातलं ते कंपनीच्या बसच्या काचेवर लावलं.

गुरुवारी दुपारी चाचींच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला. पोलीस ठाण्यातून. किती वाजता कार्यक्रम, किती लोक येणार? चाची खूश. आपल्या पोरीसाठी पोलीससुद्धा विचारतायत! म्हणाल्या, "दो सौ तो आएंगे साब. आप भी आओ, चाय है."

आलो आम्ही चौतीस. पण दोनशे सांगितले होते ना, म्हणून पोलीस दोन गाड्या भरून आले. आम्ही रस्त्यावर बसलो, मी चाचींच्या घरातल्या स्टुलावर उभी राहिले आणि बोलायला लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की एक टँकरवाला गाडी बंद करून खाली उतरला आणि झाडाच्या सावलीत बसून ऐकायला लागला. वीस मिनिटं झाली असतील. मग एक साहेब पुढं आले, त्यांनी हातातला कागद वाचून दाखवला. शहरात मनाई आदेश लागू आहे, पाच किंवा जास्त लोकांनी जमायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, फलक धरायचे नाहीत.

"कव्हापासून?" मनकर्णाआजींनी बसल्या जागेवरून विचारलं.

"कालपासून. पंधरा दिवस."

"अन् आम्ही पत्रक छापलं सोमवारी. मंग?"

"आजी, आदेश पेपरात आलाय. ठाण्याच्या बोर्डावर लावलाय."

"मी काय ठाण्याचा बोर्ड वाचाया येत असती का रोज? हळदीकुंकवाला पंचवीस बाया जमत्यात, तव्हा कुठं असतो तुमचा आदेश?"

"लग्न आणि मयतीला सूट आहे."

"मंग लग्नच समजा की! ही बघा पत्रिका."

सगळ्या हसल्या. साहेबसुद्धा हसले. हसत हसत त्यांनी आजींच्या हातातलं पत्रक घेतलं, वाचलं, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

आम्हाला गाडीत बसवून ठाण्यात नेलं, चार वाजता सोडून दिलं. गाडीत सारजाबाईंनी पिशवीतले फुटाणे वाटले. मी तर शनिवारी शाळेत ही गोष्ट चार वर्गांत सांगितली. मला वाटलं, झालं, संपलं.

ताई शनिवारी संध्याकाळी आली. बॅगही खाली ठेवली नव्हती, टीव्हीला टेकवलेलं पत्रक तिनं उचललं. मी दारातच उभी होते, आता मिठी मारेल म्हणून. ती वाचत गेली. मधल्या चौकटीपाशी तिची नजर अडली.

"हे कुणी केलं?"

"मी! सरप्राइज!"

"कार्यक्रम झाला?"

"झाला ना! ठाण्यात पण नेलं आम्हाला, लई मजा..."

ताई खाली बसली. भिंतीला टेकून, बॅग मांडीवर घेऊन. "शिवे," ती म्हणाली, "मनाई आदेश होता ना?" मी हो म्हटलं. तिनं पत्रक उलटं करून जमिनीवर ठेवलं.

मंगळवारी नोटिसा आल्या. व्हॅनमध्ये कोण बसलं होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. नोटिसा पत्रकावरच्या नावांवरून काढल्या होत्या. त्यामुळं जी आली होती आणि जिचं नाव नव्हतं ती सुटली, आणि नाव देऊन बाळंतपणाला माहेरी गेलेल्या दोघींना नोटीस. एक हवालदार बाई दारोदार फिरत होत्या. 'किलबिल'मधल्या एका नावावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "ही परी कोण? कुठं असती?" मी म्हटलं, "ती काय, बालवाडीत चाललीय." त्यांनी परीकडं बघितलं. परीच्या हातात अर्धं बिस्कीट होतं. बाईंनी पेननं तिचं नाव खोडलं. मला हसू यायला हवं होतं.

ताईनं नोटीस उभ्यानंच वाचली. "दोनशे तेवीस," ती म्हणाली. "परीक्षेसाठी आदेशभंगाचं कलम एकशे अठ्ठ्याऐंशी म्हणून घोकलं होतं. मग कायदा बदलला, तेच कलम दोनशे तेवीस झालं, ते घोकलं. दोन मार्कांना आलं होतं." आणि मग, अगदी शांतपणे, "बरोबर लिहिलं होतं मी."

मी म्हटलं, "पण तू तिथं नव्हतीस! मामा सांगतील. तुझ्याकडं दाखल्याची पावती आहे, त्याच्यावर तारीख आहे!"

"आयोजकानं तिथं असावं लागत नाही, शिवानी. मी तर विशेष उपस्थिती."

सोमवारपर्यंत तिला पडताळणीचा फॉर्म भरून द्यायचा होता.

बुधवारी आम्ही चौघं ठाण्यात गेलो. पप्पांनी ड्युटी बदलून घेतली होती. तेच साहेब होते. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी मम्मीला खुर्ची दिली, मला पाणी दिलं. पत्रक समोर ठेवलं. आता ते पारदर्शक पिशवीत होतं.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

"सगळं?"

"सगळं. आणि बोलले पण मीच. घोषणा मीच बनवल्या."

"वय किती?"

"पंधरा पूर्ण."

"मग तू यात नाहीसच." त्यांनी इतक्या सहज म्हटलं! "अल्पवयीन मुलीला मी यात घेत नाही. घ्यायचंही नसतं. तू नव्हतीसच तिथं, असं समज."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. शब्द माझे, आवाज माझा, स्टुलावर उभी मी. ज्यांनी नुसतं "टाक की बाई" म्हटलं त्या एकतीस जणींवर गुन्हा, आणि मी नव्हतेच?

"साहेब," पप्पा म्हणाले, "पोरीची चार वर्सं गेलीत हो भरतीपायी. ती गावाला होती. हिच्या पोरकटपणापायी..."

"मला दिसतंय, औताडे. मलाही बरं वाटतंय का? उद्या ती आमच्यातलीच होणार." साहेबांनी पत्रक उलटसुलट केलं. "एक मार्ग आहे. नावं परस्पर टाकली, कुणाला विचारलं नाही, असं लिहून आलं तर बाकीच्यांचा प्रश्नच उरत नाही. मग पत्रक ज्यानं छापून घेतलं तो जबाबदार. पावती कुणाच्या नावावर आहे? नंबर कुणाचा आहे? गुलशन बी सरदार शेख. एक नाव. तीस घरं मोकळी. तुझी बहीण आज संध्याकाळी मोकळी." ते माझ्याकडं वळले. "तू नावं गोळा केलीस ना? तूच लिहून दे. कागद घे."

कोरा कागद माझ्यासमोर आला. पप्पांनी स्वतःचं पेन काढून दिलं. मी ताईकडं बघितलं. मला वाटत होतं ती काहीतरी बोलेल, नको म्हणेल.

"लिही, शिवानी," ताई म्हणाली. "प्लीज."

ताईनं मला जन्मात कधी प्लीज म्हटलं नव्हतं.

मी लिहायला लागले. 'मी, शिवानी बद्रीनाथ औताडे, लिहून देते की, सदर पत्रकातील सर्व नावे'... आणि इथं हात थांबला. पुढचे शब्द मला येत होते. गुलशन बी यांनी कोणालाही न विचारता. एवढंच तर लिहायचं होतं. पण चाचींचा पाय मशीनवर चालताना दिसायला लागला. नीचे डाल बोली ना. मी विचारलं होतं त्यांना, भिता काय म्हणून. मला तेव्हा कळलंच नव्हतं त्या का म्हणतायत. आत्ता, साहेबांनी त्यांचं नाव असं पूर्ण, मधल्या नावासकट उच्चारलं, तेव्हा कळलं. ती एकतीस नावांची यादी होती. त्यात एकच नाव बाजूला काढायला साहेबांना एक मिनिटही लागलं नव्हतं.

मी 'सर्व नावे' खोडलं. खाली लिहिलं, माझ्या बहिणीचं नाव मी तिला न विचारता टाकलं, ती त्या दिवशी वैजापूरला होती. बाकी सगळ्यांना मी विचारलं होतं. सगळ्यांनी हो म्हटलं. पत्रकातला प्रत्येक शब्द माझा आहे. गुलशन शेख यांचा नंबर मी दिला, त्यांनी नाव खाली टाक म्हणून सांगितलं होतं.

साहेबांनी वाचलं. "हे घेऊन मी काय करू?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतोय, काय करू? तुझ्या बहिणीचं निघत नाही याच्यानं. फाइलीला लावीन. पुढं कोर्ट बघंल."

"किती दिवसांनी?" पप्पांनी विचारलं. साहेब वर पंख्याकडं बघत राहिले. पप्पांना उत्तर मिळालं.

"आणि अल्पवयीन आहे," साहेब म्हणाले, "पालकाची सही लागंल."

कागद पप्पांकडं गेला. पप्पांनी तो वाचला, परत वाचला. मग पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि उठून बाहेर गेले. बाहेर त्यांच्या चपलेचा आवाज येत राहिला, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"आण इकडं," मम्मी म्हणाली.

"बाई, विचार करा," साहेब म्हणाले. "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"त्योच करती हाय. पण मी व्हते ना त्या गाडीत. मला काय कुणी फसवून नेलं नव्हतं. माझ्या पायानं बसले." मम्मीनं साहेबांच्याच टेबलावरचं पेन घेतलं. आशाबाई बद्रीनाथ औताडे, एकेक अक्षर जोडत. सही करून झाल्यावर ती ताईकडं बघायला लागली, आणि ताई खिडकीकडं.

घरी येताना रिक्षात मला बोलायची भीतीच वाटत होती. मला! मी खरं लिहिलं, म्हणजे मी चांगलं केलं, असं भाषणात म्हणतात. माझ्याच भाषणात आहे ते, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. त्याला टाळ्या पडतात. पण रिक्षात ताई मांडीवरची नोटीस उघडत होती, घडी करत होती, परत उघडत होती. त्याचं काय करायचं, ते कुठल्या भाषणात नव्हतं.

त्या आठवड्यात ताई ग्राउंडवर गेली नाही. बूट दाराशी पडून राहिले. ठाण्यातली गोष्ट गल्लीत कशी पसरली माहीत नाही, पण शुक्रवारी सारजाबाई चाचींच्या दारासमोरच मम्मीला म्हणाल्या, "एकीवर गेलं असतं तर काय बिघडलं असतं? तिच्याच पोरीपायी तर गेलो सगळ्या. पोराकडं जायला काढलेला माझा बी पासपोर्ट अडकतोय आता." आतलं मशीन बंद झालं. सारजाबाई जिभेला चावा घेऊन निघून गेल्या. मशीन बराच वेळ सुरू झालं नाही. मी दारात उभी होते, आत जाऊन काहीतरी बोलावं, वहिदाला तरी भेटावं असं वाटत होतं. मग मशीन चालू झालं आणि मी घरात गेले.

रविवारी दुपारी ताईनं फॉर्म भरला. मी समोर भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते, एक प्रमेय तासभर. आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? असल्यास तपशील द्या.

"नाही लिही," पप्पा म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"तेच बघतात, पप्पा. खोटं लिहून सापडले तर कायमची बाद."

"अन् खरं लिहिलं तर?"

"तर बघतील."

तिनं 'होय' लिहिलं. तपशील नोटिशीवरून उतरवला, कलम, तारीख, ठाणं. त्या पानावर तिचं अक्षर परीक्षेतल्यासारखं सरळ होतं. मग नोटिशीकडं बघून म्हणाली, "पत्रकाची प्रत जोडायची आहे." माझं नाव घेतलं नाही, पण घरात पत्रकं माझ्याकडंच होती. मी दप्तरातून एक काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते घेतलं नाही. म्हणाली, "उद्या घेऊन चल. दोन-तीन घे. झेरॉक्स चालत नाही म्हणतात."

सोमवारी मी शाळा बुडवली. भरतीच्या ऑफिसात रांग होती, सगळ्या ताईसारख्याच मुली, केस घट्ट बांधलेल्या, पाठी ताठ. दोघी-तिघी तिला ओळखत होत्या. "कोमल, ट्रेनिंगला एकाच खोलीत राहू गं," एक म्हणाली. ताई हसली.

खिडकीतल्या माणसानं फॉर्म घेतला. भराभर पानं उलटत गेला आणि 'होय'वर आला. वर बघितलं. पत्रक उघडलं. फुलांची चौकट, कलश, मधलं अभिनंदन. त्यानं शेजारच्याला दाखवलं. शेजारच्यानं वाचलं आणि तोंडावर हात धरला. हसू आवरत होता तो.

"हे तुमचंच?"

"हो सर."

"स्वतःच छापून घेतलं?"

मी तोंड उघडलं. ताईनं न बघता माझं मनगट धरलं, घट्ट. गोळा फेकणारा हात तो.

"त्यात लिहिलंय सर, कसं झालं ते."

त्यानं फॉर्मवर शिक्का मारला आणि तो गठ्ठ्यात न टाकता वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेमध्ये आणखी काहीच नव्हतं.

"बाकीच्या मुली सोळा तारखेला ट्रेनिंगला जातील. तुमचं वर पाठवावं लागेल. कळवू."

"किती दिवसांत, सर?"

"कळवू म्हटलं ना. पुढची या."

बाहेर आलो. ताई फाटकापर्यंत ताठ चालली, कुणीतरी मागून बघत असल्यासारखी. रस्ता ओलांडून आम्ही क्रांती चौकाकडं निघालो. ऊन होतं, गाड्या होत्या, रसवंतीवाल्याची घंटी वाजत होती. ताईनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. दुखत होतं, पण मी सांगितलं नाही.

"घोषणा काय दिली होती गं तुम्ही?" तिनं विचारलं. पाच दिवसांत तिनं मला विचारलेली ती पहिली गोष्ट.

"कधी?"

"त्या दिवशी. मला नोटिशीत नुसतं लिहिलंय, बेकायदेशीर घोषणाबाजी. काय म्हणत होतात?"

रस्त्यात माणसं होती. मी इकडंतिकडं बघितलं. असं कधी बघत नव्हते मी. आवाज खाली आणला आणि सांगितलं, "गतिरोधक द्या, आमच्या पोरी वाचवा."

"पुढं?"

"पुढं काही नाही. तेच परत परत."

ताई थांबली. मागून येणाऱ्या बाईचा धक्का तिला लागला, तिकडं तिचं लक्षही गेलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."